ट्रॅक्टरचा भाता

माझी बायको ट्रॅक्टर चालवते. गिरगावात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे नीट बघतो आणि शेवटी विचारतो, "कुठे, गावी?" गावी नाही हो, इथेच, चौपाटीवर. समुद्र रात्रभर किनाऱ्यावर जे काही आणून टाकतो ते वाळूतून चाळून काढायचं एक यंत्र आहे. ते ओढायला कंत्राटदारानं छोटा ट्रॅक्टर ठेवलाय, आणि रोज सकाळी साडीवर शर्ट चढवून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून आमची ही त्याच्या सीटवर बसते.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. चाळीच्या तळमजल्यावर वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक माणूस आणि दोन पेट्या आत बसल्या की तिसऱ्या पेटीनं बाहेर पायरीवर थांबायचं. त्या जागेत बसून बसून माझा स्वभाव थोडा तिरसट झालाय असं घरचे म्हणतात. असेलही. लोक आज पेटी ठेवतात आणि उद्या "झाली का" विचारतात, तेव्हा मला त्यांच्याशी गोड बोलता येत नाही. भात्याचं कातडं चिकटायला जितका वेळ लागतो तितका लागतोच, त्याला भजनाची तारीख कळत नाही.

ही लालबागची. माहेर मूळ मालवणकडचं, वडील गिरणीत, भाऊ टेम्पोवर. रविवारी कॉटन ग्रीनला गोदामांच्या मधले रस्ते मोकळे असायचे, तिथे भावानं तिला लग्नाआधी टेम्पो शिकवला होता. लग्नानंतर ती विद्या पडून राहिली. मुलं मोठी झाल्यावर ती चौपाटीच्या सफाईच्या टोळीत लागली, झाडू आणि टोपली घेऊन. एका सकाळी ट्रॅक्टरवाला आलाच नाही, पाणी चढायची वेळ झालेली, मुकादम डोक्याला हात लावून उभा. ही म्हणाली, मी बसून बघू का? तिनं रोज बघून बघून सगळं टिपलं होतं. बसली आणि फिरवलाही. पुढे तो ट्रॅक्टरवाला कायमचाच गावी गेला आणि ही सीटवर राहिली. ती जागा तिला कुणी दिली नव्हती, फक्त अजून कुणी काढून घेतली नव्हती.

मी तिला ट्रॅक्टर चालवताना कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता, लाजही नव्हती, फक्त सकाळची झोप होती. ट्रॅक्टरची माझी ओळख होती ती तिच्या बोलण्यातून. आज चढावर दमला, आज डाव्या अंगाला कुरकुरत होता, असं ती जेवताना सांगायची आणि मी हं हं करत आमटी वाढून घ्यायचो.

मग गेल्या वर्षी, पावसाळा संपून आकाश मोकळं झालं होतं त्या दिवसांत, ती दुपारी दुकानात आली आणि माझ्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत काळ्या रबराचं काहीतरी होतं, ग्रीसनं आणि वाळूनं माखलेलं, एका बाजूनं उभं फाटलेलं. मी नाक मुरडलं, कारण शेजारीच कुणाच्या तरी पेटीचं नवंकोरं पांढरं कातडं वाळत होतं. ती म्हणाली, हा बूट आहे.

तिनं समजावलं ते असं. पुढची चाकं वळवायला एक दांडा असतो, तो दोन्ही बाजूंना आतबाहेर सरकतो. दांडा ग्रीसमध्ये असतो आणि त्याला वाळू, पाणी लागू नये म्हणून दोन्ही टोकांना हे रबराचे बूट चढवलेले असतात. गावच्या शेतात ते वर्षानुवर्षं टिकतात. चौपाटीवर खारं पाणी, ऊन आणि बारीक वाळू, त्यामुळे एक फाटला होता आणि दुसरा चुण्याचुण्यांतून तडकला होता. वाळू आत गेली की दांडा घासतो, मग स्टिअरिंग जड होतं, मग एक दिवस अडकतं. वडाळ्याचा मेकॅनिक येऊन बघून गेला होता. तो म्हणाला, हे मॉडेलच बंद झालंय, बूट कुठून तरी मागवावे लागतील, कधी येतील ते सांगता येत नाही.

आणि मग तिनं खरी गोष्ट सांगितली. मुकादमानं कंत्राटदाराला फोन केला होता. कंत्राटदार अमावस्येच्या सकाळी स्वतः येणार होता, कारण अमावस्येच्या उधाणात सगळ्यात जास्त कचरा वर येतो. ट्रॅक्टरनं त्या दिवशी पाणी चढायच्या आत सगळा किनारा पुरा केला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरचा ट्रॅक्टर त्याच्या ड्रायव्हरसकट इथे आणायचा. म्हणजे हिनं पुन्हा टोळीत जायचं.

मी म्हटलं, गेलीस तर गेलीस, टोळीतल्या बायका तुझ्या मैत्रिणीच आहेत. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला आपण काय बोललो ते पुन्हा आठवून बघावं लागलं. रागावली किंवा फार मनापासून बोलायला लागली की ती माहेरच्या बोलीत शिरते.

"थंय बसलंय की माझ्या पुढे कोण नसता," ती म्हणाली. "नुसती वाळू आणि समुद्र. माका ता सोडूक नको."

एवढ्या वर्षांत हिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी नाही, सोनं नाही, कुठे फिरायला ने म्हणूनही नाही. हे पहिलंच मागणं, आणि तेसुद्धा तिनं माझ्याकडे मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मी ते रबर हातात घेतलं आणि चिंधीनं पुसायला लागलो.

पुसता पुसता माझा हात थांबला. ग्रीस निघाल्यावर खाली चुण्या दिसायला लागल्या. एक आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. मी दोन्ही टोकं धरून ओढलं, तर ते लांबलं. दाबलं, तर मिटलं. हा तर भाता होता. माझं अख्खं आयुष्य ज्याच्या घड्या मोजण्यात गेलं, तीच वस्तू कुणीतरी रबरात ओतून ट्रॅक्टरच्या पोटाखाली लावली होती, आणि मी त्या दिवसापर्यंत समजत होतो की माझ्या बायकोच्या कामाचा आणि माझ्या कामाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मी बराच वेळ ते उघडमीट करत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "जमेल?"

जमेल म्हटलं. न जमायला काय झालं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर ट्रॅक्टर बघायला गेलो. तो चौपाटीच्या कडेच्या शेडमध्ये उभा होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच लहान, पण मागची चाकं माझ्या छातीला लागतील एवढी. शेडमध्ये नांगरलेल्या मातीचा नाही, मासळीचा आणि डिझेलचा वास होता. मी पोत्यावर उताणा झोपलो आणि समोरून खाली सरकलो. ती वर बसली आणि तिनं स्टिअरिंग थोडं फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर तो जाड दांडा निःशब्द सरकला, एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि माझ्या कानाशेजारचं चाक वळलं. एवढं वजन वळवायला वर एका बाईचा हात, तोही एकच. मी तसाच पडून राहिलो. अजून एकदा फिरव म्हटलं, मापासाठी. माप घेऊन झालं होतं.

मुकादम बाजूला उभा राहून गंमत बघत होता. माणूस वाईट नव्हता, पण पेटीवाला ट्रॅक्टरखाली घुसलाय याची त्याला फार मजा वाटत होती. त्यानं टोळीतल्या दोघीतिघींना बोलावून दाखवलंही.

काम कसं करायचं ते मी पडल्यापडल्याच ठरवलं होतं. दांडा सोडवून नवा बूट चढवायचा तर पुढची सगळी जोडणी उघडावी लागली असती आणि ती पुन्हा जुळवणं आमच्या हातचं नव्हतं. त्यापेक्षा भाता एका बाजूनं उघडा ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा आणि जागेवरच त्याची शिवण बंद करायची. पेटीच्या भात्यात आम्ही पुठ्ठा घालतो आणि सरसानं कातडं चिकटवतो. इथे पुठ्ठा भिजून लगदा झाला असता आणि सरस पाण्यात विरघळला असता. कातड्याऐवजी स्कूटरची जुनी ट्यूब घेतली, सरसाऐवजी पंक्चरवाल्याचं सोल्यूशन. पुठ्ठ्याला काय, हा प्रश्न राहिला. तो हिनं सोडवला. माळ्यावरून एक मोठं पाकीट काढलं, त्यात माझ्या आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे होते. आता असले एक्स-रे मिळतात कुठे, सगळं मोबाइलवर येतं. ती फिल्म पाण्याला भीत नाही, वाकते आणि पुन्हा सरळ होते. आईचे दोन्ही गुडघे कापून मी त्यांच्या पट्ट्या केल्या. आई असती तर म्हणाली असती, निदान आता तरी वाकतायत.

दुपारी गल्लीत गजबज कमी असते, तेव्हा आम्ही दोघं दुकानात बसायचो. तिनं ट्यूब कापायची, पॉलिश पेपरनं घासून खरबरीत करायची, मी पट्ट्या आखून चिकटवायच्या. ती माझ्या दुकानात यापूर्वी डबा द्यायला यायची, बसायला कधीच नाही. तिचं घासणं बघून मला कळलं की तिला घाई नाही. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत ती थांबायची, आणि मग दोन बाजू अशा नेमक्या टेकवायची की पुन्हा उचलावं लागायचं नाही. मी लोकांवर चिडतो ते नेमकं याच एका गोष्टीसाठी, की त्यांना थांबता येत नाही. आणि इथे माझ्या घरात हे माणूस होतं.

भाते तयार झाले ते चौकोनी. मला गोल येत नाहीत, मी पेटीवाला आहे. टोकांना गोल गळे लावले, म्हणजे क्लिप आवळता येईल. मग मी आमच्या धंद्यातली परीक्षा घेतली. शिवणीवर तात्पुरती पट्टी ओढली, एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून फुंकलं आणि भाता गालाजवळ धरून सगळीकडे फिरवला. गालाला हवेची झुळूकही लागली नाही. भात्यानं हवा राखली पाहिजे, एवढा एकच धडा वडिलांनी मला दिला होता. भोक म्हणजे शत्रू. जुन्या रबरी बुटाच्या खालच्या बाजूला मला एक टाचणीएवढं भोक दिसलं होतं. मी मनात म्हटलं, इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला असणार. माझ्या भात्यात असलं काही राहणार नव्हतं.

बसवायच्या दिवशी तिनं दुसरा जुना बूटही कापून काढला, दांडा डिझेलच्या चिंधीनं पुसला, सांध्यासांध्यातली वाळू जुन्या टूथब्रशनं काढली, पुन्हा पुसला, आणि मग बोटांनी नवं ग्रीस लावलं. मी दोन्ही भाते गुंडाळून त्यांच्या शिवणी बंद केल्या आणि पाइपाला लावतात तसल्या स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. शेडमध्ये चाक पुरतं वळवायला जागा नव्हती. जेवढं वळलं तेवढ्यात सगळं ठाकठीक दिसलं. मी हात धुतले आणि मुकादमाकडे मुद्दाम बघितलं.

दुसऱ्या सकाळी मी झोपेत होतो. ती घरी आली ती नेहमीपेक्षा फार लवकर. दोन्ही भाते पिशवीत होते. काय झालं ते थोडं थोडं करून तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. पहिल्याच मोठ्या वळणाला डावा भाता पुरीसारखा फुगला, उजवा आत ओढला जाऊन दांड्याला चिकटला. दुसऱ्या वळणाला डावा क्लिपेतून सुटून फट्दिशी उडाला. मुकादम म्हणाला होता, ताई, तुमची पेटी वाजायला लागली. सगळे हसले. तिनं ट्रॅक्टर शेडमध्ये आणून लावला होता.

माझं डोकं सणकलं. मी मुकादमाला बोललो, ट्रॅक्टर बनवणाऱ्याला बोललो, स्कूटरच्या ट्यूबला बोललो. क्लिप आणखी आवळायला हवी होती, सोल्यूशन जुनं होतं, मला वाटेल ते मी बोलत सुटलो. अमावस्या दोन-तीन दिवसांवर आली होती. ही माझं ऐकत नव्हती. तिनं जुने रबरी बूट दोन्ही समोर घेतले होते आणि त्यांवरून बोट फिरवत होती.

"ह्या भोकाला काठ आहे," ती म्हणाली.

तिनं बूट माझ्या हातात दिला. त्या टाचणीएवढ्या भोकाभोवती रबर जरा जाड होतं, उचललेलं होतं, बटणाच्या काजाला असतं तसं. फाटून पडलेल्या भोकाला काठ नसतो. दुसरा बूट बघितला, त्यालाही भोक, त्याच जागी, तसाच काठ. ते भोक कुणीतरी मुद्दाम ठेवलं होतं. भाता मिटला की आतली हवा कुठेतरी जायला हवी, उघडला की कुठून तरी यायला हवी. पेटीच्या भात्याला हवा सुरांकडे सोडायची असते, म्हणून तिला दुसरीकडे जाऊ द्यायची नसते. ह्या भात्याला सूर नव्हते. मी त्याचं नाक दाबून ठेवलं होतं आणि वर त्याच्याकडून पळायची अपेक्षा करत होतो.

मला माझंच हसू आलं. तीस-चाळीस वर्षं मी भोकं बुजवली. भोक ठेवणं हीसुद्धा कुणाची तरी कारागिरी असू शकते हे मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि ते हिच्या बोटाला लागलं.

आता टोचून भोक पाडलं की झालं, असं मी म्हटलं. ती नाही म्हणाली. शेतातल्या ट्रॅक्टरला ते ठीक, इथे पाण्याच्या कडेला वळताना चाकं लाटेत जातात, भोकातून खारं पाणी आत ओढलं जाणार. जुने बूट त्यामुळेच आतून सडले असतील. ती हवेतच स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात करत होती, डावीकडे, उजवीकडे. नंतर हात तसेच धरून म्हणाली, "डावा मिटतो तेव्हा उजवा उघडतो. कायम."

तिचं बोलणं संपायच्या आत मी उठलो होतो. डाव्याला जी हवा नकोशी होते तीच त्या क्षणी उजव्याला हवी असते, आणि तेवढीच. बाहेरून काही आणायला नको, बाहेर काही सोडायला नको. गल्लीच्या टोकाला माशांच्या टाक्या विकणारा आहे, त्याच्याकडून बुडबुडे सोडायची बारीक नळी आणली. दोन्ही भात्यांना काठ असलेलं एकेक भोक ठेवलं, तिनं सांगितलं तसं, आणि नळीचं एक टोक ह्यात, दुसरं त्यात बसवलं. दुकानाच्या जमिनीवर ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या बाजूला. तिनं तिचा भाता दाबला आणि माझ्या हातातला आपोआप भरून आला. मी दाबला, तिचा भरला. आम्ही वेड्यासारखे किती वेळ ते करत बसलो कोण जाणे. बाहेर पेटी घ्यायला आलेला माणूस दारात उभा राहून बघत होता, त्याला मी उद्या ये म्हणून सांगितलं.

अमावस्येच्या सकाळी मी तिच्याबरोबर निघालो. भरतीची वेळ तिला घड्याळात बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलेलं. अमावस्या पंधरावी, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास भरती, पहाटे ओहोटी, दुपारी पुन्हा भरती. म्हणजे उजाडल्यापासून दहापर्यंतचा वेळ आपला, असं तिनं चालता चालता सांगितलं. आदल्या दिवशी भाते बसवून झाले होते. या वेळी मी मुकादमाकडे बघितलं नाही.

चौपाटी मी जन्मापासून बघतोय, पण ती संध्याकाळची, माणसांची. त्या वेळची नव्हती पाहिली. पाणी इतकं दूर गेलं होतं की समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं, नुसती ओली चकाकणारी वाळू आणि पलीकडे उंच इमारतींचे दिवे एकेक विझत होते. आणि त्या सगळ्या वाळूवर कचऱ्याचा थर. बाटल्या, चपला, थर्माकोल, फुलं, कापड, दोर, एक अख्खी खुर्ची. माझं मन खचलं. हे साफ होईल असं मला क्षणभरही वाटलं नाही. कंत्राटदार येऊन कठड्याशी उभा होता, आणि रस्त्यावर एका ट्रकवर दुसरा ट्रॅक्टर चढवून आणलेला दिसत होता. त्याचा ड्रायव्हर ट्रकला टेकून चहा पीत होता. तयारीनिशी आले होते लोक.

ही सीटवर चढली, रुमाल आवळला, आणि निघाली.

मी तिला ओळखलं नाही, असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण तसंच झालं. घरात जरा वाकून चालणारी, जिन्यात गुडघ्यावर हात ठेवणारी ही बाई वर ताठ बसली होती आणि तिचं लक्ष ना मुकादमाकडे होतं ना माझ्याकडे. मोठे दगड आणि दोर टोळी आधी उचलत होती, मागून ती येत होती. ट्रॅक्टरमागचं यंत्र वाळू उचलायचं, चाळायचं, कचरा पोटात घ्यायचं आणि वाळू परत खाली सोडायचं, आणि मागे दात्यांच्या एकसारख्या रेघा उमटत जायच्या. ती पाण्यापर्यंत गेली. आता वळण होतं. मी धावत जवळ गेलो. पुढचं चाक लाटेच्या फेसात शिरलं, तिनं एका हातानं स्टिअरिंग पुरतं फिरवलं, आणि मी ओणवं होऊन बघितलं. डावा भाता मिटला, उजवा उघडला. फुगला नाही, चिकटला नाही. मग ती उलटी वळली, तेव्हा उजवा मिटला, डावा उघडला. माझ्या हातचे कितीतरी भाते मैफलीत चालताना मी पाहिलेत. पण एकाकडेही असं ओणवं होऊन बघितलं नव्हतं. त्या दोन चौकोनी भात्यांवर ते सगळं वजन, ते वळण आणि माझी बायको होती.

ती खेप मारून यायची आणि पुन्हा जायची. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेला लागून. पाणी परत यायला लागलं होतं, आधी कळेल न कळेल असं, मग स्पष्टच. ती आता पाण्याच्या पुढे पुढे राहून काम करत होती, पण घाई दिसत नव्हती. शेवटची पट्टी तिनं ओढली तेव्हा लाट तिच्या मागच्या चाकाला लागत होती. मागे वळून बघितलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किनारा स्वच्छ, रेघारेघांचा, त्यावर कुणाचं पाऊलही नाही. मी सहसा कशाला सुंदर म्हणत नाही. ते सुंदर होतं.

कंत्राटदार खाली आला. त्यानं वाकून भाते बघितले, नळीला बोट लावून बघितलं. कुणी केलं विचारलं. ही म्हणाली, घरीच केलं. त्यानं मुकादमाशी काहीतरी बोलून रस्त्याकडे हात केला, आणि थोड्या वेळानं तो ट्रक ट्रॅक्टरसकट निघून गेला. मुकादम माझ्याकडे न बघता तिच्याजवळ गेला. ट्रॅक्टरची चावी रोज काम संपल्यावर तो तिच्याकडून घेऊन स्वतःच्या खिशात टाकायचा. त्यानं ती आज घेतली नाही.

"राहू दे तुमच्याकडेच, ताई," तो म्हणाला. "उगाच माझी वाट बघत बसता."

आम्ही कठड्यावर चहा घेऊन बसलो. तिच्या कपाळावर मीठ सुकलं होतं. पाणी वर येत होतं. पहिल्या लाटेनं खालच्या रेघा पुसल्या, पुढच्या लाटेनं त्याच्या वरच्या. प्रत्येक लाटेबरोबर एखादी बाटली, एखादी चप्पल नव्यानं येऊन पडत होती. मला वाईट वाटायला लागलं. माझी दुरुस्त केलेली पेटी वीस वर्षं जाते, आणि हिचं काम दुपारपर्यंतही राहत नव्हतं.

"रोज असंच होतं?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली, आणि लांब जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याकडे बघत हसली. जे आपल्याकडून कुणी काढून घेऊ नये म्हणून ती एवढी झटली होती ते हेच होतं. समुद्र ते तिच्या डोळ्यांदेखत पुसत होता, आणि ती खुशीत चहा पीत होती.